सात मार्चचा डाग

१

सकाळी सव्वाअकरा ते साडेअकरा या वेळात लेटिशिया थॉर्नबीच्या घरी कोणी मरायला टेकलं असतं, तरी त्याला जरा दम धरा असंच सांगितलं गेलं असतं. ती वेळ सूर्याची होती. माळ्यावरच्या खोलीची खिडकी लेटी आतून लाकडी झडपेने बंद करी. झडपेला एक भोक, भोकात वडिलांची पितळी दुर्बीण. खोलीत भरदिवसा काळोख, आणि दुर्बिणीतून उतरलेला सूर्य समोरच्या फळीवर टाचलेल्या कागदावर. कागदावर सहा इंचांचं वर्तुळ आधीच आखलेलं असे. सूर्य त्यात चपखल बसला की त्याच्यावरचे डाग ती पेन्सिलीने जिथल्या तिथे टिपून घेई आणि खाली तारीख घालून सही करी: एल. थॉर्नबी.

अशी अकरा वर्षं झाली होती. सूर्यावरचे डाग वाढतात, ओसरतात आणि पुन्हा वाढू लागतात, त्या फेऱ्याला साधारण तेवढीच वर्षं लागतात. अख्खा फेरा एका हाताने, एका दुर्बिणीने टिपलेला लंडनच्या सूर्यनिरीक्षक मंडळाला दुसरा कोणाचा ठाऊक नव्हता. म्हणून तर मंडळाचे चिटणीस मिस्टर गार्साइड यांचं पत्र आलं होतं. 'प्रिय महोदय, आपली संपूर्ण चित्रमाला पुस्तकरूपाने छापण्याचे मंडळाने ठरविले आहे. मुखपृष्ठावर आपले नाव असेल. चालू वर्षाची चित्रे मे महिन्याअखेर पाठवावीत.'

"महोदय म्हणे!" हॅना म्हणाली. हॅना स्वयंपाकघरात होती तेव्हा लेटी पाळण्यात होती, त्यामुळे घरात कोणाचं चालतं हा प्रश्न कधी निघाला नव्हता. "तुम्ही सांगितलं नाही अजून त्यांना?"

"त्यांनी विचारलं नाही."

"आणि ते कॉर्नवॉलचे पाद्रीबाबा? त्यांना तरी?"

"तेही 'थॉर्नबी, तुम्ही भारी हट्टी गृहस्थ आहात' असंच लिहितात. हट्टी आहेच की मी. उगाच कशाला दुरुस्त करू?"

पाद्रीबाबा म्हणजे रेव्हरंड पास्को ट्रेगिअर. इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या एका लहानशा चर्चमध्ये ते होते आणि त्यांनाही सूर्याचंच वेड होतं. नऊ वर्षं दोघांची दर आठवड्याला पत्रं जात-येत होती. पत्राबरोबर पातळ कागदावर चित्रांच्या नकला. यॉर्कशरच्या किनाऱ्यावर, लेटीच्या गावी, वर्षातले निम्मे दिवस आभाळ. कॉर्नवॉलला ढग निराळ्या दिवशी. तेव्हा दुसऱ्याच वर्षी दोघांनी आपसात ठरवून टाकलं होतं, की ज्याला सूर्य दिसला नाही त्याने दुसऱ्याच्या नकलेवरून आपलं वर्तुळ भरायचं. सूर्य तर दोघांचा एकच. मंडळाच्या नियमात हे बसत नव्हतं. ज्याने पाहिलं त्यानेच काढावं, असा स्पष्ट नियम होता. पण निरीक्षकांच्या जगात रिकाम्या वर्तुळाची जितकी लाज वाटे तितकी चोरीचीही वाटत नसावी.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लेटी चालू वर्षाची चित्रं तारखेप्रमाणे लावायला बसली. नेहमीचे डाग चित्रागणिक डावीकडून उजवीकडे सरकत होते. सूर्य स्वतःभोवती फिरतो, डाग त्याच्याबरोबर फिरतात, तेरा-चौदा दिवसांत पलीकडच्या काठाआड जातात. एक मात्र सरकत नव्हता. वर्तुळाच्या मधल्या आडव्या रेषेच्या किंचित वर, जिऱ्याएवढा. सात मार्चच्या चित्रात तो होता, आठच्या चित्रात होता आणि कालच्याही चित्रात तिथेच होता. सगळे तिच्याच हाताने काढलेले. काढल्याचं तिला आठवत नव्हतं.

२

घाबरून जाणं हा लेटीचा स्वभाव नव्हता. चिडणं हा होता. न हलणारा डाग म्हणजे काचेवरची घाण, हे नवशिक्यालाही कळतं. तिने दुर्बिणीच्या काचा काढून मऊ कातड्याने पुसल्या. नळी गोल फिरवली. घाण काचेवर असेल तर काचेबरोबर तीही फिरणार. डाग फिरला नाही. कागद बदलला. फळी धुतली. भिंतीवर दुसऱ्याच जागी कागद टाचला. डाग प्रत्येक वेळी मधल्या रेषेच्या किंचित वर, आपल्या जागी बसलेला.

मग डोळे. अकरा वर्षं उजेडाकडे पाहून डोळ्यांत काही राहिलं असेल. पण डोळ्यातला डाग नजरेबरोबर फिरतो. तिने नजर छताकडे नेली, कोपऱ्यातल्या ट्रंकेकडे नेली. तिथे काही नव्हतं. परत कागदाकडे पाहिलं तर डाग कागदावरच होता.

"दुखतंय का डोळ्यात?" हॅनाने जिन्यातून विचारलं. कपाळाला मुठी लावून बसलेली लेटी तिला अर्ध्या दारातून दिसत होती.

"डोक्यात दुखतंय. आत ये, आलीच आहेस तर. या कागदावर तुला काय दिसतं?"

हॅना माळ्यावरच्या त्या खोलीत सहसा येत नसे. सूर्याला असं भोकातून घरात ओढून आणणं तिला पटत नव्हतं. तिने नाक मुरडून प्रकाशाच्या चकतीकडे पाहिलं. "दोन ठिपके. एक मोठा, एक बारका."

"आणि हा तिसरा?"

"कुठे?"

लेटीने आदल्या दिवशीचं चित्र उचलून तिच्यासमोर धरलं आणि पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. हॅनाने चित्र पाहिलं, मग चकती पाहिली.

"आहे की," ती म्हणाली. "मघाशी कसा नाही दिसला?"

त्या दिवशी लेटीला हायसं वाटलं. आपल्या एकटीला दिसत नाही, एवढंच तिच्या डोक्यात आलं. त्या हायसं वाटण्याचा तिला पुढे फार राग येणार होता.

संध्याकाळच्या टपालाने तिने ट्रेगिअरना लिहिलं: 'सात मार्चला माझ्याकडे दिवसभर आभाळ होतं. त्या दिवशीचं माझं चित्र तुमच्या नकलेवरून भरलेलं आहे आणि त्यातच हा डाग पहिल्यांदा दिसतो. पाद्रीबाबा, तुमची काच पुसा.'

३

उत्तर सहाव्या दिवशी आलं.

'थॉर्नबी, तुम्ही माझी थट्टा करता आहात की मी म्हातारा झालो? सात मार्चला इथे इतकं दाट धुकं होतं की मला माझ्याच चर्चचं दार सापडेना. रोजनिशीत तसं लिहिलेलं आहे. त्या दिवशीचं वर्तुळ मीच तुमच्या नकलेवरून भरलं. तुमची नक्कल सोबत परत पाठवतो. पाहा, तुमचीच सही आहे.'

लेटीने नक्कल उघडली. पातळ कागद तिचा होता. आकड्यांना शेपूट देण्याची तऱ्हा तिची होती. खाली एल. थॉर्नबी. वर्तुळात नेहमीचे दोन डाग बरोबर जागी आणि मधल्या रेषेच्या किंचित वर तो तिसरा.

सात मार्चची नक्कल तिने पाठवलीच नव्हती. पाठवायला काही होतंच कुठे? तिने आपल्या फाइलीतून ट्रेगिअरची त्याच तारखेची नक्कल काढली. निळी पेन्सिल, थरथरती रेघ, पी. टी. अशी सही. तीही तिथे होती. ट्रेगिअरनी धुक्यात काढली नव्हती, तिने ढगाखाली काढली नव्हती, आणि दोघांनी ती एकमेकांकडून उतरवून घेतली होती.

तिने दोन्ही कागद शेजारी ठेवले. खाली हॅना भांडी घासत होती. घासण्याचा आवाज थांबत नव्हता. इतकी कुठली भांडी असणार दोन बायकांच्या घरात, असं लेटीच्या मनात आलं आणि निघून गेलं.

पत्राच्या शेवटी ट्रेगिअरनी लिहिलं होतं: 'पण आता मात्र तो मला रोज दिसतो. नियमाप्रमाणे दोघांनी दूरदूरच्या जागी पाहिलेली गोष्ट खरी. मग ही खरीच. वाढतोही आहे, नाही का?'

वाढत होता. जिऱ्याचा वाल झाला होता.

४

"निघत नाही बाई," हॅना म्हणत होती.

दुपारच्या जेवणाची वेळ टळून गेली तरी टेबलावर काही आलं नव्हतं, म्हणून लेटी खाली उतरली होती. हॅना मोरीपाशी उभी होती. हातात पांढरी बशी. बशीवर ती वाळूने घासत होती आणि बोटांची सालं निघाली होती.

"काय निघत नाही?"

"हा डाग. आधी बशीवर होता. ती ठेवली, दुसरी घेतली, तर तिच्यावर. सकाळी पावावर होता. मी तेवढा तुकडा कापून कोंबड्यांना टाकला."

बशी लखलखीत होती. लेटीने ती खिडकीशी नेऊन उलटसुलट पाहिली. काही नाही. मग तिने पुन्हा पाहिलं आणि बशीच्या मधोमध, किंचित वर, तो होता.

त्या एका सकाळीखेरीज हॅनाने कधी चकतीकडे पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही तिला आधी दोनच ठिपके दिसले होते. तिचे डोळे अजून सुईत दोरा ओवण्याइतके चांगले होते. तिने एकच गोष्ट केली होती. चित्र पाहिलं होतं. लेटीने समोर धरलेलं, पेन्सिल टेकवून दाखवलेलं चित्र.

"माझं चुकलं गं हॅना," लेटी म्हणाली. बशी तिने खाली ठेवली आणि हॅनाचे ओले, सोललेले हात आपल्या हातात घेतले. "मी दाखवायला नको होतं."

"तुम्ही काय मुद्दाम केलंत?" हॅना म्हणाली. पण तिची नजर लेटीच्या खांद्यावरून मागच्या भिंतीवर गेली होती. "मिस लेटी, डाग घाण असतो, ठीक. पण डाग आपल्याकडे कशाला बघेल?"

मंडळाचं पुस्तक चारशे वर्गणीदारांकडे जाणार होतं. जर्मनीत जाणार होतं, रशियात जाणार होतं. शाळामास्तर ते मुलांना दाखवणार होते. चारशे घरांतल्या चारशे टेबलांवर ते उघडलं जाणार होतं आणि मुखपृष्ठावर तिचं नाव असणार होतं. अकरा वर्षं तिने त्या नावासाठी थंडीत बोटं काकडवून घेतली होती. आलेलं एक स्थळ 'सकाळी सव्वाअकराला मी मोकळी नसते' असं सांगून परत पाठवलं होतं. तिला ते पुस्तक हवं होतं.

सात मार्चपासूनची सगळी चित्रं तिने त्याच दुपारी चुलीत घातली. त्यांच्या जागी कोरी वर्तुळं ठेवली.

५

मिस्टर गार्साइड मे महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी स्वतःच आले. स्टेशनवरून चालत आल्यामुळे धापा टाकत होते आणि कोटाला, गावभर हेरिंग मासळी धुरी देऊन सुकवतात त्या धुराचा वास लागला होता.

"मिस्टर थॉर्नबी आहेत का?"

"ते वारले," लेटी म्हणाली. "बारा वर्षं झाली. माझे वडील."

"अरेरे. पण मग एल. थॉर्नबी?"

"मी."

गार्साइडनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग ते खुर्चीत बसले आणि हॅनाने पुढे केलेला बडीशेपेचा केक त्यांनी न बघता तीन घासांत संपवला. त्यांना राग आला नव्हता. उलट त्यांचे डोळे चमकायला लागले होते.

"मिस थॉर्नबी, हे तर फारच छान झालं! एका स्त्रीने! अकरा वर्षं! पूर्ण नाव छापू आपण. लेटिशिया ना? लोक तुटून पडतील." त्यांनी बॅगेतून एक जाड लिफाफा काढला. त्यावर लाखेचा शिक्का होता. "आणि हे त्याहून मोठं. रेव्हरंड ट्रेगिअरनी मंडळाला कळवलंय की सूर्यावर एक स्थिर डाग आहे आणि त्याचे दुसरे साक्षीदार तुम्ही. त्यांचं चित्र या लिफाफ्यात आहे. मी उघडलेलं नाही. नियमच आहे तसा. तुम्ही माझ्यासमोर चित्र काढायचं, मग मी हे फोडायचं, दोन्ही जुळली की झालं. पुस्तकाचं पहिलं पान तेच! डागाला नाव तुम्हा दोघांचं."

हॅना दारात उभी होती. हातांना फडकी गुंडाळलेली. तिने लिफाफ्याकडे पाहिलं आणि ती एक पाऊल मागे सरली.

"ते फोडू नका, साहेब," ती म्हणाली.

"आत्ता नाही हो. सांगितलं ना, चित्रानंतर." गार्साइडनी घड्याळ काढलं. "सव्वाअकरा होत आले. ऊनही छान आहे. चला वर."

६

खोलीत काळोख होता. चकती कागदावर उतरली आणि वर्तुळात बसली. गार्साइड चष्मा लावून पुढे वाकले.

"दोन नेहमीचे डाग दिसताहेत," ते म्हणाले. "तिसरा मला नाही दिसत. तुम्हाला दिसतो?"

दिसत होता. आता तो अंगठ्याच्या पेराएवढा होता, आणि इतक्या मोठ्या आकारात तो डागासारखा राहिला नव्हता. त्याची कड बारीक हलत होती. खिडकीच्या काचेला कोणी बाहेरून तोंड लावलं आणि आत बघायला लागलं, की काचेवर जसा काळोख जमतो तसा तो होता. आपण सूर्याकडे पाहतो, असं अकरा वर्षं लेटीला वाटत आलं होतं.

"काढा की," गार्साइड म्हणाले. "तुम्ही फक्त दाखवा. मग मलाही दिसेल."

त्यांच्या तोंडून अगदी सहज निघालेलं ते वाक्य ऐकून लेटीने पेन्सिल घट्ट धरली. एवढंसं काम होतं. एक बारकी रेघ ओढायची, आत गिरवायचं, तारीख घालायची, आणि लेटिशिया थॉर्नबी हे नाव मरणार नव्हतं. तिचा हात कागदापर्यंत गेला.

तेवढ्यात सूर्यावर ढग आला. चकती फिकट झाली, विझली. खोलीत ठार काळोख.

"श्श! नेमका आत्ताच," गार्साइड काळोखात पुटपुटले.

चकती गेली होती. डाग गेला नव्हता. कागद दिसत नव्हता, फळी दिसत नव्हती, स्वतःचा हात दिसत नव्हता, पण त्या काळोखात आणखी काळा असा तो लेटीला स्वच्छ दिसत होता. आणि मग, सात मार्चनंतर पहिल्यांदाच, तो आपल्या जागेवरून हलला. घाई न करता वर्तुळाबाहेर आला आणि पेन्सिलीच्या टोकाशी येऊन थांबला. पेन्सिलीच्या लाकडातून तिला एक हलका दाब जाणवला. लिहायला शिकणाऱ्या मुलाचा हात मोठ्या माणसाने वरून धरावा, तसा.

लेटीने दोन्ही हातांनी पेन्सिल मोडली.

"काय झालं?" गार्साइड दचकले.

"मी काढणार नाही."

"म्हणजे? दिसत नाही?"

"दिसतं की नाही ते मी सांगणार नाही आणि काढणार तर मुळीच नाही. त्याला कोणीतरी काढून हवंय. माझ्या हातून नाही मिळणार."

"त्याला? कोणाला? बाई, तुम्ही निरीक्षक आहात! दिसलेलं टिपायचं हाच तर आपला धर्म."

"मग माझं आणखी एक ऐका." तिने झडप ढकलून उघडली. ढगाळ उजेड आत आला. "या अकरा वर्षांतले हजाराहून जास्त दिवस मी सूर्य पाहिलेलाच नाही. इथे ढग असले की मी ट्रेगिअरच्या नकलेवरून चित्र भरायची. तिथे धुकं असलं की ते माझ्यावरून भरायचे. सगळ्या चित्रांखाली मी पाहिल्याची सही केली आहे. ती खोटी आहे. सात मार्चला तर आम्ही दोघांनीही पाहिलं नव्हतं. दोन साक्षीदार नाहीत, मिस्टर गार्साइड. एकही नाही."

गार्साइडचा चेहरा हळूहळू लाल होत गेला. जिन्यावरून ते उतरले. खाली टेबलावरचा लाखबंद लिफाफा त्यांनी दोन बोटांत उचलला, वास येणाऱ्या मासळीसारखा लांब धरला आणि परत टाकला.

"अपात्र निरीक्षकाचं पाकीट मंडळ फोडत नाही. तुमचं तुम्ही पाठवून द्या त्याला. अकरा वर्षं! तुम्हाला लाज कशी वाटली नाही?"

"वाटली ना. म्हणून तर तुम्ही अजून ते पाहिलेलं नाही."

त्यांना त्यातलं काही कळलं नाही. त्यांनी टोपी घातली आणि ते गेले. फाटक वाजल्यावर लेटीने लिफाफा न फोडताच चुलीत घातला. लाख वितळून तो आतल्या आत फुगला, कोणी श्वास घ्यावा तसा आवाज झाला, आणि हॅनाने चुलीचं दार लाथेने बंद केलं.

७

चित्रं खोक्यात बांधून परत आली. पुस्तक रद्द झालं. मंडळाच्या मासिकात चार ओळी आल्या आणि त्यांत तिचं पूर्ण नाव छापलं होतं. लेटिशिया. शेवटी छापलं ते असं.

ट्रेगिअरचं एक पत्र आलं. ते तिने दार लावून एकटीने उघडलं, आत चित्र असेल आणि ते आणखी कोणाला दिसेल या भीतीने. चित्र नव्हतं. 'थॉर्नबी, तुम्ही मलाही बुडवलंत. नऊ वर्षांच्या मित्राने असं करावं? आता माझं कोण ऐकणार?' तिला रडू आलं आणि ती रडली. त्या माणसावर तिची माया होती. मग तिने उत्तर लिहिलं. 'कोणीही ऐकू नये म्हणूनच केलं. मी पुरुष नाही, हे एक तुम्हाला सांगायचं राहिलं. मित्र मात्र आहे. पेन्सिल मोडून टाका.' त्याचं उत्तर आलं नाही.

हॅनाच्या बशीवर डाग अजून येतो. ती आता घासत नाही. त्याच्यावरच बटाटे वाढते आणि म्हणते, "खा तू पण."

लेटी रोज सव्वाअकराला वर जाते. न जाणं सोपं होतं, पण मग झडपेच्या त्या भोकापाशी पहाऱ्याला कोणीच नसतं, आणि ते तिला परवडणारं नाही. ती कागद टाचते, वर्तुळ आखते, पेन्सिल आणत नाही. सूर्य उतरतो. काल डागाने अर्धी चकती व्यापली होती. तो वर्तुळातून उतरून फळीवरून तिच्या मांडीतल्या रिकाम्या हातांपर्यंत आला आणि बोटांवर थांबला. बोटं थंड पडली. उजव्या हाताचं पहिलं बोट आपोआप वाकलं, काहीतरी धरल्यासारखं.

लेटीने ते बोट डाव्या मुठीत घट्ट आवळलं.

"तुला घाई असेल," ती त्याला मोठ्याने म्हणाली. "मला नाही."